टॉवर नाही, मग सांगायचं कोणाला?

प्रश्न : सर, मी अमेरिकेत वैमानिकाचं प्रशिक्षण घेतो आहे. एकट्यानं केलेलं उड्डाण जेमतेम चौदा तासांचं. पाच दिवसांपूर्वी टॉवर नसलेल्या, म्हणजे वैमानिकांनीच रेडिओवर एकमेकांना सांगायचं अशा, एका विमानतळावर धावपट्टी २७ च्या फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) होतो. तीनेकशे फुटांवर असताना पलीकडच्या टोकाकडून एक लँडिंग लाइट थेट माझ्या दिशेनं येताना दिसला. एक दुहेरी इंजिनाचं विमान ०९ वर, म्हणजे त्याच धावपट्टीच्या उलट टोकाकडून, उतरत होतं. मी उजवीकडे वळून वर गेलो, तोही त्याच्या उजवीकडे गेला. नंतर पाहिलं तर माझ्या रेडिओवर आधीच्या विमानतळाची १२२.८ ही फ्रिक्वेन्सी तशीच होती, इथली १२३.० होती. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "काही झालं नाही ना? मग सोड." मला झोप लागत नाही. कळवायचं तर कोणाला? आणि माझ्या लायसन्सचं काय होईल?
— एक विद्यार्थी वैमानिक

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच रात्री दोन ओळी कळवल्या होत्या, कारण अंक छापून होईस्तोवर मुदत उलटली असती. आता सविस्तर लिहितो.

कळवायचं नासाच्या एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टीमला, म्हणजे एएसआरएसला. नासा का? तर १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या विमानकंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे उतरताना डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. चौकशीत निघालं की सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीच्या एका विमानाचा तिथेच तसाच घोळ होऊन ते थोडक्यात बचावलं होतं. त्या वैमानिकांनी कळवलंही होतं, पण ते त्यांच्याच कंपनीत राहिलं. मग एफएएनं (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकानं) अहवाल मागवायला घेतले. आता जो शिक्षा करतो त्याच्याच हाती कबुलीजबाब कोण देणार? म्हणून १९७६ पासून हे काम नासाकडे आलं.

तुमचं नाव फॉर्मच्या एका पट्टीवर असतं. ती पट्टी तारखेचा शिक्का मारून तुम्हालाच परत पाठवतात. ती जपून ठेवा. घटना मुद्दाम घडवलेली नसेल, त्यात अपघात किंवा गुन्हा नसेल, मागच्या पाच वर्षांत तुमच्यावर नियमभंग ठरलेला नसेल आणि १० दिवसांत अहवाल गेलेला असेल, तर नियमभंगाची नोंद झाली तरी दंड किंवा निलंबन होत नाही. आणि गंमत अशी की टॉवर नसलेल्या बहुतेक ठिकाणी रेडिओ असण्याचीच कायद्यानं सक्ती नाही! तुमची चूक घातक होती, पण तुम्हाला वाटते तितकी बेकायदा नव्हती.

"काही झालं नाही" याबद्दल तुमच्या इन्स्ट्रक्टरांशी माझं पटत नाही. १९ नोव्हेंबर १९९६ ची क्विन्सीची गोष्ट त्यांना विचारा. इलिनॉयमधला तो विमानतळही बिनटॉवरचा. धावपट्टी १३ वर एक बीचक्राफ्ट १९०० हे प्रवासी विमान उतरत होतं. तिला छेदणाऱ्या ०४ वर किंग एअर जातीचं एक छोटं विमान उड्डाणाला उभं होतं आणि त्याच्या मागे चेरोकी जातीचं आणखी एक थांबलं होतं. उतरणाऱ्यांनी विचारलं, तुम्ही थांबताय की निघताय? उत्तर दिलं मागच्या चेरोकीनं. त्याच्या वाक्यावर कॉकपिटमधल्या उंची सांगणाऱ्या यंत्राचा "टू हंड्रेड" हा आवाज पडला, आणि उतरणाऱ्यांना वाटलं की किंग एअरनंच "थांबतो" म्हटलं. किंग एअर निघालं होतं. चौदा माणसं गेली. हे आपल्याला शब्दन्‌शब्द ठाऊक आहे, कारण अपघात झाला आणि आवाजाची टेप सापडली. तुमच्या छोट्या विमानात अशी टेप नाही आणि ऐकायला टॉवरमध्ये माणूस नाही. तुम्ही दोघांनी लिहिलं नाही, तर तो प्रसंग घडलाच नाही असं होईल.

आता लिहायचं कसं, ते माझ्या फजितीवरून सांगतो. एकदा २२ च्या डाउनविंडवरून (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं उडायचा टप्पा) मी ठणठणीत आवाजात तीनदा "धावपट्टी ०४" म्हणालो. शेजारच्या विद्यार्थिनीनं तिसऱ्यांदा माझ्या गुडघ्यावर चापट मारली, तेव्हा कळलं. अहवालात मी एकच वाक्य लिहिलं : चुकीची धावपट्टी बोललो, यापुढे काळजी घेईन. नासाकडून एका जुन्या वैमानिकाचा फोन आला. त्यानं एवढंच विचारलं, "बोलताना नजर कुठे होती?" नजर दिशादर्शकावर होती. धावपट्टी २२ म्हणजे २२० अंशांची दिशा, म्हणून तिच्या डाउनविंडवर नाक बरोबर उलट, ०४० कडे असतं. मी समोर दिसणारा आकडा वाचून दाखवत होतो! तो प्रश्न आला नसता तर माझा अहवाल कुणाच्या कामाचा नव्हता.

म्हणून "निष्काळजीपणा झाला" हे वाक्य खोडा. फ्रिक्वेन्सी बदलायची त्या मिनिटाला हात काय करत होता ते लिहा. नकाशा उलगडत होतात? नवी फ्रिक्वेन्सी स्टँडबायला (रेडिओच्या राखीव खिडकीत) टाकून अदलाबदलीचं बटण दाबायचं राहिलं? (माझी पैज यावर.) बराच वेळ रेडिओ शांत होता, तेव्हा काय वाटलं? "आज गर्दी नाही" असंच ना? १२२.८ वर दुसऱ्या गावचे कॉल कानावर पडत असतील, तर तेही लिहा. एकच फ्रिक्वेन्सी अनेक विमानतळ वापरतात, म्हणून तर कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचं नाव घ्यायचं असतं. वारा किती होता, हेही. वारा पडलेला असला की उतरायला दोन्ही टोकं सारखीच वाटतात.

समोरच्यावर मात्र निकाल देऊ नका. त्यानं कॉल दिले असतील, ते तुम्ही ऐकू शकतच नव्हता. आणि दोघंही उजवीकडे वळलात ते नियमाप्रमाणेच झालं, तेही लिहा.

प्रश्न : आमच्या धावपट्टीच्या कडेला हरणं येतात आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) फाटला आहे. हेही एएसआरएसला कळवायचं का?
— शनिवार-रविवारचा वैमानिक

उत्तर : कळवा, पण नंतर. आधी विमानतळाच्या मॅनेजरला फोन करा आणि नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) काढायला सांगा. नासा तुमचा अहवाल वाचेल, पण हरणं आज संध्याकाळी येणार आहेत.