कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

प्रश्न : ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० घरी आहे. आय५-४५७०, चार जीबीची एकच रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, मॉनिटर जुना व्हीजीएचा. मुलाला व्हॅलोरंट आणि जीटीए पाच खेळायचंय. बारा हजारांच्या वर जाता येणार नाही. दुकानदार म्हणतो, चार जीबीचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड टाका, काम झालं. टाकू का?
— एक पालक, उजळाईवाडी

उत्तर : नका टाकू. कार्डावरचे ‘चार जीबी’ म्हणजे टाकी केवढी ते झालं. नळ केवढा ते त्यावरून कळत नाही. बाजारात मिळणारं डीडीआर३चं जीटी ७३० बहुतेक वेळा ६४ बिटचं असतं, त्याच्या मेमरीतून सेकंदाला जेमतेम १४ जीबी डेटा जातो. जीटीएक्स १६५० मध्ये तोच आकडा १२८ आहे. ७३० घेतलंत तर डेस्कटॉप छान दिसेल, खेळ मात्र अडखळतच चालेल आणि सहा महिन्यांत दुसरं कार्ड शोधत फिराल.

तुमच्यासाठी सेकंडहँड जीटीएक्स १६५० योग्य, पण आधी कॅबिनेट बघा. ९०२० उभ्या टॉवरमध्येही येतो आणि बारक्या आडव्या डब्यातही. बारका डबा असेल तर अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच बसतं आणि ते महाग पडतं. टॉवर असेल तर आतला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, २९० वॅटचा असतो आणि त्यातून ग्राफिक्स कार्डाला वेगळी वायर निघत नाही. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देतो, तेवढ्यावर चालणारंच कार्ड हवं. इथे लोक फसतात. १६५० नावाची कार्डं दोन प्रकारची आहेत : काही निव्वळ स्लॉटवर चालतात, काहींना सहा पिनांची वायर लागते. कार्डाच्या वरच्या कडेला सहा खड्ड्यांचं काळं सॉकेट दिसलं, की ते तिथेच ठेवून यायचं. ‘एसएमपीएस बदलून देतो’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, या बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा प्लग बसत नाही. त्याचं सॉकेट आठ पिनांचं वेगळंच आहे, मध्ये अडॅप्टर लागतो.

आरएक्स ६४०० कमी वीज खातं म्हणून कुणी सुचवेल. ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेनवर चालतं. नव्या बोर्डावर ठीक. तुमच्या बोर्डावर त्या रस्त्याचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची मेमरी भरली की चित्र थांबत थांबत येतं. १०५० टीआय स्वस्त मिळेल, चालेलही, पण त्या पिढीला खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झालेत. फरक हजार-दीड हजाराचा असेल तर १६५०च घ्या.

आता पैशांचं. कार्डावर सात-साडेसात हजारांच्या वर जाऊ नका. आधी साटा एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क), अडीच इंची, किमान २४० जीबी. विंडोज आणि व्हॅलोरंट तिच्यावर टाका. जीटीए पाच एकटाच शंभर जीबीच्या आसपास जागा खातो, तो जुन्या हार्डडिस्कवर राहू दे. लोड व्हायला वेळ घेईल, चालेल मात्र नीट. मग रॅम : डीडीआर३ १६००, आठ-आठच्या दोन सारख्या कांड्या, दोन वेगवेगळ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये. पैसे कमी पडले तर चारची दुसरी कांडी तरी जोडा. एकट्या कांडीवर मेमरीचा निम्मा रस्ता बंद असतो. फार स्वस्तात आठ जीबीची कांडी मिळत असेल तर तिच्यावर ‘ईसीसी रजिस्टर्ड’ लिहिलंय का बघा. ती सर्व्हरची, तुमच्याकडे चालू होणार नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकतात तीही नको.

बसवताना वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत जा. कार्ड घालण्याआधीच बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, शेवटच्या आवृत्तीवर आणून ठेवा, जुन्या बायोसवर नवं कार्ड लावलं की पडदा काळाच राहण्याची शक्यता असते. कार्ड सरळ दाबा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक’ वाजली पाहिजे. आणि मॉनिटरची वायर कार्डात. बोर्डात नाही. ‘कार्ड टाकलं तरी फरक पडला नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी हीच वायर असते.

तुमचा मॉनिटर व्हीजीएचा आणि १६५० ला व्हीजीए नाही. डीव्हीआयचा साधा कन्व्हर्टर घेऊ नका : कार्डावरचा डीव्हीआय फक्त डिजिटल असतो, कन्व्हर्टरच्या आडव्या पातीभोवतालच्या चार पिनांना त्यात भोकंच नाहीत. एचडीएमआय ते व्हीजीए असा आत चिप असलेला अडॅप्टर घ्या.

एक शेवटचं, विंडोजबद्दल. हा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, २०१३चा. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही. पळवाट काढून घालता येतं, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) मागतं. तुमच्या बोर्डावर टीपीएम १.२ आहे, म्हणजे खेळ उघडायच्या आधीच एरर. विंडोज १० वरच राहा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा या मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत. ते मोबाइलवर करा.

प्रश्न : आय३-२१००, एच६१ बोर्ड, आठ जीबी रॅम, ‘४५० वॅट’ लिहिलेला लोकल एसएमपीएस. आरएक्स ५८० आठ जीबी जोडलं. खेळ सुरू झाला की पाचेक मिनिटांत मशीन फटकन बंद पडतं. कार्ड खराब निघालं का?
— इचलकरंजी

उत्तर : कार्डावर संशय घेण्याआधी एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. मोठा आकडा सोडा, ‘+१२ व्ही’च्या खाली अँपिअर किती ते बघा. १६ अँपिअर असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. खरा जोर तेवढाच, बाकीचे वॅट लेबलपुरते. ५८० एकटंच १८५ वॅटच्या घरात जातं, वर प्रोसेसर, हार्डडिस्क, पंखे. भार वाढला की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. तो बंद होतोय हे तुमचं नशीब समजा.

तुमच्या एसएमपीएसला आठ पिनांची वायर नसावी, म्हणजे मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) अडॅप्टर लावला असणार. तो आजच काढा. त्या बारीक वायरीतून एवढा करंट गेला की प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं, मऊ होतं, मग चिकटतं. १२ व्होल्टवर ३६ अँपिअरच्या वर देणारा, ८० प्लस हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला ५०० वॅटचा एसएमपीएस घ्या. तुमच्या भागात यंत्रमाग चालू-बंद होताना व्होल्टेज हलत असेल तर यूपीएस किंवा स्टॅबिलायझरही जोडा.

पण खरं सांगायचं तर या बोर्डावर आता पैसे घालू नका. आय३-२१०० ला दोनच कोर. कार्ड मोकळं बसेल आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकेल. आय७-२६०० टाकता येईल, तरी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या खास सूचनांचा संच) नाही आणि काही नवे खेळ त्याशिवाय उघडतच नाहीत. चांगला एसएमपीएस आणि कार्ड हातात ठेवा, ते पुढच्या मशीनला लागतील. बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा जुना सेट बघा, किमान चौथ्या पिढीचा. फक्त एच८१ बोर्ड टाळता आला तर टाळा : त्याचा कार्डाचा स्लॉट पीसीआयई २.० वरच अडकतो आणि रॅमचे स्लॉट दोनच.

प्रश्न : सेकंडहँड कार्ड घेताना दुकानात काय तपासू? मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टो चलन काढायला वापरलेलं, असेल तर?
— विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : चालू मशीनवर लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघड. जुन्या चिपवर कार्डाचा बायोस बदलून ‘१०५० टीआय’ म्हणून विकलेली कार्डं फिरतात. नावापुढे ‘फेक’ आलं की विषय संपला. दुसरी खूण डोळ्यांनीच दिसते. १०५० टीआयच्या चिपला व्हीजीए सिग्नल काढताच येत नाही, त्यामुळे तिच्यावर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर संशय घे.

मग फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी, पंधरा मिनिटं. तापमान ८५ च्या आत स्थिर राहावं, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा नकोत, पंखा खरखरू नये. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, चिप सहसा टिकते. झिजतो तो पंखा, आणि वाळतात ते थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या). काहींनी बायोसही बदललेला असतो, तो मूळचा करून मागून घे.

आपल्या कोल्हापुरात आणखी एक बघ. २०१९ आणि २०२१च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांतलं, दुकानांतलं सामान धुऊन-पुसून बाजारात आलेलं असू शकतं. स्क्रूच्या खाचेत गंज, एचडीएमआयच्या आत हिरवट पावडर, हीटसिंकच्या पात्यांत वाळलेला गाळ. मोबाइलचा टॉर्च मारून पात्यांच्या आत बघ, वरून पुसलेलं सगळंच चकाचक दिसतं.

प्रश्न : कारखान्याजवळ घर आहे. गळीत हंगामात काळी राख घरात येते. आता मशीन वीस मिनिटांनी संथ होतं, पंखा विमानासारखा ओरडतो.
— कागल तालुका

उत्तर : कूलर काढून साफ करा, नवं काही घ्यायची गरज नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर ती भरमसाट फिरून बेअरिंग जातं. इंटेलच्या कूलरच्या चारही पिना बाणाच्या दिशेने फिरवून उचला. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी हरभऱ्याच्या दाण्याएवढीच ठेवा. परत बसवताना पिना उलट फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या जोडीने, तिरप्या क्रमाने दाबा. चारही ‘टक’ वाजले पाहिजेत. एक पिन अर्धी राहिली की कूलर एका बाजूने उचललेला राहतो, आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.