दीड महिन्याचं पिल्लू फॉस्टर करताना

पार्किंगमध्ये सापडलेलं दीडेक महिन्याचं देशी पिल्लू, घरात आधीपासून चार वर्षांची कुत्री आणि दोन महिन्यांत पिल्लाला कायमचं घर शोधायचंय, तोपर्यंत ते तुमच्याकडे फॉस्टरला, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, अशी तुमची परिस्थिती आहे. आई दोन दिवस फिरकली नाही हे पाहूनच उचललंत, ते योग्य केलंत. आई आसपास असेल तर पिल्लू उचलू नये. खेळताना किती जोरात चावायचं, हे ते आठव्या आठवड्यापर्यंत आई-भावंडांकडूनच शिकतं.

तुम्ही खाण्याबद्दल विचारलंय, पण आधी वेगळं ठेवण्याबद्दल लिहिते, कारण या वयाची पिल्लं पार्वोने, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजाराने, बघता बघता हातची जातात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी १४ही. म्हणून १४ दिवस पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी, फडकी, चपला वेगळ्या. आधी तुमच्या कुत्रीचं सगळं उरका, मग पिल्लाकडे जा. तिची वार्षिक लस राहिली असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

फिनाईलने पार्वोचा विषाणू मरत नाही. आधी शी-शू पुसून फरशी धुवून घ्या. मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी असं द्रावण पसरून १० मिनिटं ओलं राहू द्या, साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच पिल्लाला आत सोडा. घाण तशीच ठेवून वरून ब्लीच ओतलं तर उपयोग होत नाही. संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

रोज सकाळी ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिकट असतील तर गोचिड किंवा जंतांमुळे रक्त कमी झालेलं असू शकतं. पिल्लाने एक वेळचं जेवण नाकारलं, मलूल पडलं किंवा उलटी झाली की लगेच दवाखाना गाठा. जुलाबात रक्त दिसायची वाट बघू नका. उलट्या चालू असताना तोंडाने पाजलेलं पोटात राहत नाही, सलाईनच लागतं.

पहिले काही दिवस आंघोळ नको, कोमट ओल्या फडक्याने पुसा. गोचिड कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात दडतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा फिनाईल लावू नका. गोचिडाच्या बऱ्याच गोळ्या ८ आठवडे आणि २ किलोच्या आत चालत नाहीत, तेव्हा औषध डॉक्टरांनी पिल्लाचं वजन करूनच ठरवू दे.

जंताचं औषधही वजनावरच. तीन महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा. डोसनंतर शीमध्ये शेवयांसारखे जंत पडले तर घाबरू नका, औषध लागू पडलंय. लस ६ ते ८ आठवड्यांत सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी द्यायची, रेबीजची तीन महिन्यांना. पुन्हा पुन्हा द्यायची कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीची लस निष्प्रभ करू शकते आणि ती नेमकी कधी ओसरते हे बाहेरून कळत नाही. तुम्हाला पिल्लाचे दात लागले किंवा ओरखडा आला तर रेबीजचा धोका असतो, म्हणून जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. दूध-पोळी नको. गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात आणि पोळीने नुसतं पोट भरतं. पपी फूड कोमट पाण्यात भिजवून द्या किंवा बिनमिठाचं उकडलेलं चिकन, मऊ भात आणि थोडा लाल भोपळा. बदल करायचा तो पाच-सात दिवसांत, हळूहळू. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं पूर्ण वर्ज्य.

आता दत्तकाची तयारी. पिल्लाचं मन साधारण १४ आठवड्यांपर्यंत नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, म्हणून लस पूर्ण होण्याची वाट बघत त्याला कोंडून ठेवू नका. रस्त्यावर खाली सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन कुकरची शिट्टी, मिक्सर, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, लहान मुलं हे सगळं थोडं थोडं दाखवा. रोज पंजे, कान, दात हाताळा आणि खाऊ द्या. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या, शू केली की तिथल्या तिथे शाबासकी. चुकीच्या जागी केली म्हणून नाक घासू नका, त्याने पिल्लू फक्त लपून करायला शिकतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकटं राहणं. फॉस्टरच्या घरी सतत मांडीवर असलेलं पिल्लू नव्या घरी माणसं ऑफिसला गेली की रडून सोसायटी डोक्यावर घेतं आणि परत येतं. चावायला काहीतरी देऊन दोन मिनिटं दाराआड जा, ते रडायच्या आत परत या. मग पाच, दहा, तीस मिनिटं. रडलं तर वेळ पुन्हा कमी करा.

जाहिरातीत खरं लिहा. ‘लॅब मिक्स’, म्हणजे लॅब्रेडॉरचा संकर, म्हणू नका. देशी आहे, मोठेपणी साधारण १५ ते २० किलोचं होईल, असंच सांगा. घरातल्या सगळ्यांची आणि घरमालकाची संमती आहे का, दिवसा घरी कोण असतं, हे विचारा. त्या घरात अलीकडे एखादं पिल्लू पार्वोने गेलं असेल तर विषाणू कित्येक महिने टिकतो, लस अपुरी असलेलं पिल्लू तिथे देऊ नका. नसबंदीचं वय झालं की ती करायची आणि जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत आणायचं, हे लेखी घ्या.

ऐन दिवाळीत देऊ नका. शनिवारी सकाळी द्या, म्हणजे घरच्यांना दोन दिवस मिळतात. सोबत लसीचं कार्ड, पुढच्या डोसची तारीख, जंताच्या औषधाच्या नोंदी, चार दिवसांचं नेहमीचं खाणं आणि त्याच्या अंथरुणाचा न धुतलेला तुकडा द्या. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आठवडाभर आधीपासून घालायची सवय लावा. अनोळखी गेटपाशी घाबरलेलं पिल्लू गळ्यातल्या पट्ट्यातून मान सोडवून पळू शकतं.