बँकॉक: हॉटेल कुठे घ्यावं, बोट कुठली धरावी, खावं काय

प्रश्न: बँकॉकमधली दोन हॉटेलं पाहून ठेवली आहेत. एकाच्या खोल्या ऐसपैस आणि भाडं कमी, पण ते स्टेशनपासून दीड किलोमीटर आत आहे. दुसरं स्टेशनला लागून, पण लहान आणि महाग. कुठलं घ्यावं? (वाचक, नाशिक)

उत्तर: स्टेशनला लागून असलेलं घ्या. बँकॉकच्या मुख्य रस्त्यांना फुटणाऱ्या गल्ल्यांना ‘सोई’ म्हणतात. त्या लांबवर आत जातात आणि पुष्कळशा पुढे बंद होतात. त्यामुळे आतली सगळी वाहनं शेवटी त्याच एका मुख्य रस्त्यावर येऊन तुंबतात. संध्याकाळी चारनंतर, त्यातही पाऊस असला तर, एवढंसं अंतर तोडायला तासही लागू शकतो. टॅक्सीचं मीटर ३५ बातपासून (बात हे थाई चलन) सुरू होतं, पण गाडी जागेवर उभी असली तरी ते पुढे सरकतच राहतं. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटरसायकलवाले उभे असतात. एकट्या माणसाला ते सोयीचे, पण बॅगा आणि मुलं बरोबर असतील तर उपयोगाचे नाहीत.

रेल्वेचं एक ध्यानात ठेवा. उंचावरून धावणारी बीटीएस आणि मुख्यतः जमिनीखालून जाणारी एमआरटी यांची तिकिटं वेगळी. असोक, साला डेंग, मो चित या बीटीएस स्थानकांवर उतरून शेजारच्या एमआरटीत बसता येतं, पण तिथे बाहेर पडून पुन्हा तिकीट काढावं लागतं. बीटीएसचं एकेरी तिकीट म्हणजे पातळ कार्ड. ते बाहेर पडताना यंत्र गिळतं, म्हणून तोवर सांभाळा. तिकिटाची काही यंत्रं फक्त नाणी घेतात. सुट्टे खिडकीवर मिळतात.

प्रश्न: राजवाडा, पहुडलेला बुद्ध आणि वाट अरुणचं देऊळ हे एका दिवसात होईल का? बरोबर सत्तरीचे आई-बाबा आहेत. (वाचक, पुणे)

उत्तर: होईल, पण राजवाड्याला सकाळी साडेआठलाच पोचा. आतली प्रांगणं फरसबंद आहेत आणि सावली फार थोडी. दहानंतर पाय भाजतात, शिवाय मोठे गट यायला लागतात. तिकीट ५०० बात आहे आणि ते दुपारी साडेतीनपर्यंतच मिळतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यांवर ओढणी घेतली तर बऱ्याचदा चालत नाही. पंजाबी ड्रेस उत्तम.

भिंतीच्या कडेने जाताना एखादा नीटनेटका गृहस्थ सांगेल, ‘आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद.’ मग २० बातमध्ये टुकटुकने दुसरी देवळं दाखवायचं आमिष येईल आणि फेरी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपेल. ड्रायव्हरला तिथून कमिशन मिळतं, म्हणून भाडं इतकं कमी. कुणाशीही न बोलता थेट फाटकापर्यंत जा. राजवाडा खरोखर बंद असेल, तर ते तिथेच कळेल.

आत पाचूच्या बुद्धाची मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटर उंच आहे. ऋतू बदलला की राजा तिचा पोशाख बदलतो. तिथे फोटो काढायला बंदी आहे आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. पण आई-बाबांनी खरा वेळ द्यावा अशी गोष्ट म्हणजे भोवतालच्या ओवरीतली रामकियेनची चित्रं. ही थाई रामकथा १७८ चित्रांत रंगवली आहे. पांढरा हनुमान आणि हिरव्या अंगाचा दशकंठ ओळखू आले की पुढची कथा आपोआप उलगडते. ओवरीत सावलीही आहे.

तिथून पहुडलेल्या बुद्धाचं देऊळ, म्हणजे ‘वाट पो’, चालत दहा-पंधरा मिनिटं (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ). बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. पाठीमागच्या बाजूला १०८ पंचपात्री आहेत, त्यांत सुटी नाणी टाकत जायचं. मग था तिएन धक्क्यावरून छोट्या बोटीने नदी ओलांडली की समोर वाट अरुण. त्याचे जिने फार उभे आहेत, आई-बाबांना खालूनच पाहू द्या.

परतताना दोन रस्ते आहेत. गुडघे दुखत असतील तर वाट पोजवळचं सनाम चाय हे एमआरटी स्थानक बरं, तिथे लिफ्ट आहे. नाहीतर नारिंगी झेंड्याची बोट धरून साथोर्न धक्क्यावर उतरा, वरच सफान ताक्सिनचं बीटीएस स्थानक आहे. भाडं साधारण १६ बात, अंतर कितीही असो. बोट धक्क्याला टेकते ती काही क्षणच, म्हणून वयस्करांना आधीच पुढे उभं करा. कंडक्टर बाई हातातला धातूचा नळकांड्यासारखा डबा खुळखुळवत येते, तिला सुटे पैसे द्या. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या बोटीचा आग्रह होतो. ती पर्यटकांची आहे, बरीच महाग पडते.

प्रश्न: आम्ही जैन आहोत. तिथे उपाशी राहायची वेळ येईल का? (वाचक, सांगली)

उत्तर: नाही, पण नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मांस वगळलं तरी माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, पदार्थात पडतंच. करीच्या वाटणातच सुकटीसारखी कोळंबीची पेस्ट असते, त्यामुळे ती वेगळी काढता येत नाही. कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकी कोळंबी कुटलेली असते.

पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर शोधा, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं दिसणारं. त्याचा उच्चार ‘जे’. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. कंदमुळांचा नियम मात्र त्यांना लागू नाही, बटाटा-गाजर तुम्हालाच निवडावं लागेल. ‘किन जे’ एवढं म्हटलं तरी बहुतेकांना कळतं. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘जे’चा नऊ दिवसांचा उत्सव असतो. तेव्हा यावारात या चिनी वस्तीत पिवळ्या झेंड्यांखाली गाड्याच गाड्या लागतात. तो काळ जमला तर जरूर साधा. घरची चव हवीच असेल तर सम योत एमआरटीजवळच्या पाहुरात भागात भारतीय खानावळी आहेत. मार्च ते मे आंब्याचा चिकट भात खा. त्यात नारळाचं दूध, साखर आणि मीठ असतं.

प्रश्न: विमानतळावरून शहरात कसं जावं? (वाचक, मडगाव)

उत्तर: आधी तिकिटावर विमानतळ कोणता ते बघा, शहरात दोन आहेत. सुवर्णभूमीवरून एअरपोर्ट रेल लिंक ही रेल्वे शहरातल्या फाया थाय स्थानकापर्यंत जाते, सुमारे अर्ध्या तासात, जास्तीत जास्त ४५ बातमध्ये. ती मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. टॅक्सी घेतलीत तर टॅक्सीच्या थांब्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी काढा. मीटरवर ५० बात जादा आणि टोल वेगळा, हे नियमाचंच आहे. डॉन मुआंगवरून लाल मार्गाची रेल्वे आहे.

थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरा. १ मे २०२५पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट सरकारी नाही. ई-सिगारेट बॅगेत ठेवू नका, थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे.