वाचकांचे प्रश्न : हिमवर्षावात वाफेचे इंजिन का अडते?

प्रश्न : माझे वडील मिरजेच्या शेडमध्ये फायरमन होते आणि इंजिनाच्या भट्टीसमोर अंग कसे भाजून निघे, ते नेहमी सांगत. १९४७ च्या हिवाळ्यात ब्रिटनमधील काही रेल्वेमार्ग हिमामुळे कित्येक आठवडे बंद होते, असे वाचनात आले. ज्याच्या पोटातच आग आहे, ते इंजिन थंडीने अडते कसे? आणि ज्या गाड्या चालल्या, त्या कशा चालवल्या?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भट्टी पेटलेली असेपर्यंत इंजिनाला थंडीचे फारसे भय नसते. अडते ते त्याच्या बाहेरचे सारे काही, आणि त्यात पहिले नाव पाण्याचे. वाफेचे इंजिन कोळशाहून कितीतरी अधिक पाणी पिते. हे पाणी फलाटाच्या टोकाशी असलेल्या नळखांबातून टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीत, भरले जाई. नळखांब गोठला की धडधाकट इंजिनही निकामी ठरे; म्हणून कडक थंडीत प्रत्येक नळखांबाशेजारी उंच धुराड्याची लोखंडी शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागे. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ सेटल-कार्लाइल मार्गावर गार्सडेल येथे रुळांच्या मधोमध पाण्याचे लांब हौद होते आणि धावते इंजिन त्यांतून पाणी उचलून घेई. ते पाणी गोठू नये म्हणून वाफेने गरम ठेवण्याची सोय तेथे केलेली होती. टेंडरपासून बॉयलरकडे येणारे नळही गोठत, तेव्हा ड्रायव्हर बॉयलरमधली वाफ उलट दिशेने सोडून ते मोकळे करत. शेडमधील इंजिने रात्री थंड होऊ देणे परवडत नसे, त्यामुळे काम नसतानाही त्यांच्या भट्ट्या धुमसत्या ठेवल्या जात.

रुळांवर साचलेल्या हिमाची गोष्ट वेगळी. नुसत्या पडणाऱ्या हिमापेक्षा वाऱ्याने वाहून आणलेले हिम घातक असते, कारण डोंगर फोडून काढलेल्या खोलगट खिंडी ते काठोकाठ भरून टाकते. सेटल-कार्लाइल मार्गावरच्याच डेंट स्थानकाजवळ अशा हिमाला अडवण्यासाठी रुळांखालच्या जुन्या स्लीपरांची कुंपणे उभी केली होती, आणि तरीही १९४७ साली तो मार्ग बंद पडलाच. हिम बाजूला सारणारा नांगर बसवलेली दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडत, म्हणजे पुढे वाट मिळाली नाही तर त्याच वाटेने, मागचा नांगर चालवत परतता येई. हिम पडत असताना ही जोडी सतत ये-जा करत राहिली, तर मार्ग उघडा राहण्याची शक्यता असे. एकदा हिम दबून घट्ट झाले की वेगाने धडक देणेही धोक्याचे, कारण इंजिन रुळांवरून घसरू शके.

अशा ढिगात रुतलेल्या इंजिनाची अवस्था आपल्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याशी येते. हिम खालून राखेच्या पेटीत दाटते, भट्टीला हवा मिळेनाशी होते आणि आग मंदावते. टेंडरमधले पाणी संपत आले, तर कर्मचारी फावड्याने त्यात हिम टाकत. पण ताजे, भुसभुशीत हिम वितळून पाणी होते ते त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढेच, त्यामुळे माणसे थकत आणि टेंडर भरत नसे. बॉयलरमधले पाणी धोक्याच्या पातळीखाली जाण्याआधी आग बाहेर काढून टाकणे भाग असे, आणि आग गेली की काही तासांत नळ गोठून फुटू लागत. फेब्रुवारी १९५५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील स्टेनमोर मार्गावर ब्लीथ गिल येथे एक मालगाडी अशीच रुतली होती. तिच्याभोवतीचे हिम कामगारांनी फावड्यांनी उपसले, आणि इंजिनाचे गोठलेले दांडे जळत्या चिंध्यांनी शेकून मोकळे केले.

१९४७ साली २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात ब्रिटनमध्ये रोज कुठे ना कुठे हिम पडत होते. त्यातच कोळशाची टंचाई आली. खाणींतून वीजकेंद्रांकडे कोळसा नेणारी रेल्वे स्वतःही कोळशावरच चालत होती, आणि भरलेल्या वाघिणींतला ओला कोळसा गोठून दगडासारखा घट्ट होई. फेब्रुवारीत इंग्लंडच्या मोठ्या भागात कारखान्यांची वीज तोडावी लागली. वाघिणींवर विमानांची जेट इंजिने चढवून हिम उडवण्याचेही प्रयोग झाले, मात्र मार्ग मुख्यतः फावड्यांनीच मोकळे झाले. सैनिक, युद्धकैदी आणि रुळांची निगा राखणारे रेल्वेचे गँगमन यांनी हे काम केले. यातील गँगमनचे श्रम मला सर्वांत मोठे वाटतात, कारण हिम उपसण्याखेरीज, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांमधला बर्फ फोडून ते हलते ठेवणे आणि सिग्नलच्या तारा मोकळ्या करणे, ही रोजची जबाबदारीही त्यांचीच होती.

प्रश्न : डिझेल इंजिने आल्यावर ही अडचण संपली का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ब्रिटनमधील नव्या डिझेल इंजिनांचे इंधन थंडीने दाट होऊन नळ्यांत अडकू लागले. शिवाय डबे अजून वाफेवरच गरम केले जात आणि त्यासाठी डिझेल इंजिनांत बसवलेले छोटे बॉयलर गोठत, त्यामुळे गाडी चालली तरी प्रवासी कुडकुडत राहत. अनेक ठिकाणी वाफेची इंजिने पुन्हा कामाला जुंपावी लागली. मार्गावर साचणारे हिम आणि गोठणारे सांधे यांच्या बाबतीत मात्र इंजिन कोणते आहे, याने काहीच फरक पडत नव्हता.