दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते

प्रश्न : पिकअप शनिवार-रविवार उभी ठेवली की सोमवारी सेल्फ घेत नाही. बॅटरी नवीच आहे. काय करावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दुसरी बॅटरी घेऊ नका, आधी करंट कुठे जातो ते शोधा. बॅटरी पूर्ण चार्ज करा (सुमारे 12.6 व्होल्ट). चावी काढा, दारे बंद करा. निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर (करंट मोजायचा मीटर) 10 अँपिअरवर जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. अर्धा-पाऊण तास थांबा. कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा संगणक) शांत व्हायला वेळ लागतो, घाईत घेतलेला आकडा फसवतो. साधारण 50 मिलीअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर असेल, तर दिवसाला 12 अँपिअर-तास गेले!

मग एकेक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडेल, त्याच सर्किटात दोष. बहुतेकदा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा जीपीएस निघतो. आपल्या पावसाळ्यात फ्यूजबॉक्समध्ये ओल शिरते, रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटतो. तसाच दुसरा रिले लावून पाहा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, तपासून घ्या.