किती वाजता, ते विचार

पोरी,

रात्री साडेअकराचा तुझा मेसेज सकाळी वाचला. सतरा वर्षांचं पोट्टं, चार दिवस सिगारेटला शिवलं नाही, पाचव्या दिवशी फुटाळा तलावावर एक ओढली अन् पोरांची सिगारेट सुटावी म्हणून तू काढलेला ग्रुप सोडून मोकळं झालं. नाव यादीतून काढू का, म्हणतेस. काढू-बिढू नको. अन् ‘काहून ओढली?’ हे तर मुळीच नको. किती वाजता ओढली, ते विचार.

‘काहून’ला पोट्टे हमखास थापा मारतात. टेन्शन होतं, मित्रानं दिली. वेळ मात्र खरी सांगतात. ट्यूशन सुटते सहाला, समोरच पानठेला. तुझे सुविचार पडतात सकाळी आठला, तेव्हा ते झोपलेलं असतं! सहाला पाच कमी असताना पाठव ना, ‘आज दुसऱ्या गल्लीनं जा’. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरतं फोनवर कोणी तरी पाहिजे. सडक्या फुप्फुसांचे फोटो पाठवणं बंद कर. ते पाकिटावर असतातच, पण पोट्टे एकेक सुटी सिगारेट घेतात, पाकीट पाहते कोण? (सुटी विक्री महाराष्ट्रात 2020 पासून बंद आहे. जा, ठेल्यावर पाहून ये.)

अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या एसएमएस योजनेत पोरांनी ‘स्लिप’ एवढा एक शब्द पाठवला की लगेच धीराचं उत्तर येतं. म्हणजे पोरगं घसरणार, हे धरूनच चालतात ते. आपल्याकडे घसरलेलं पोरगं गुपचूप ग्रुप सोडतं. तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा 1800-11-2356 हा नंबर दे त्याला, तिथं माणूस बोलतो. पण या वयात बोलायची लाज वाटते, टाइप करायची नाही. म्हणून तर तुझा ग्रुप पाहिजे.

मी शिकवत होतो तेव्हा एकाला वर्गात उभं करून खिसे रिकामे करायला लावले होते. लायटर, पुदिन्याच्या दोन गोळ्या, चुरगळलेलं बसचं तिकीट. ‘काहून रे?’ असं तीनदा विचारलं. वर्ग हसला. ते पोट्टं पुन्हा शाळेत आलं नाही. तेव्हा सगळेच मास्तर असं करत, अन् मी त्याच्या भल्यासाठीच... जाऊ दे. मधल्या सुटीत, पावणेबाराला, स्टाफरूमच्या मागं मी स्वतः ओढत होतो. मला कोणी वेळ विचारली नाही. विचारली असती तर सांगितली असती, असं वाटते.

तर आज सहाला पाच कमी असताना त्याला फक्त ‘कुठंयस?’ एवढंच लिही. उत्तर नाही आलं तर उद्या परत, त्याच वेळी.