पहिला दगड पडला, की काय करायचं?

प्रश्न : सरकारने धरपकड सुरू केल्यावरही आम्ही विद्यार्थी शांततेच्या शपथेवर ठाम होतो. पण मोर्च्यात मागून कुणीतरी दगड भिरकावला, लाठीमार झाला आणि कुणीच कुणाचं ऐकेना. शपथ कमी पडली का?

उत्तर : पडणारच. लाठी उगारली गेली की शरीर शपथ आठवत नाही, सवयीने वागतं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये वर्णभेदी उपाहारगृहांत ठिय्या दिला. त्याआधी १९५९ पासून अहिंसक प्रतिकाराचे प्रशिक्षक जेम्स लॉसन त्यांच्याकडून तालीम करून घेत होते : काहींनी हल्लेखोर व्हायचं, शिव्या द्यायच्या, ढकलायचं; बाकीच्यांनी शांत बसून राहायचं.

वीस-वीस जणांचे गट करा. पाच मिनिटांची फेरी, मग भूमिकांची अदलाबदल, आणि नंतर दहा मिनिटं एकच चर्चा : तोल नेमका कधी गेला? बहुतेकांचा तो स्वतःला मार बसताना जात नाही, शेजारच्या मैत्रिणीला फरफटत नेताना जातो. म्हणून तालमीत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घ्या. ज्याला जमत नाही त्याला पाणी, प्रथमोपचार किंवा फोनची जबाबदारी द्या. त्यात कमीपणा मानू नका.

दगड पडला की ठरलेली शिट्टी, आणि सगळे खाली. उभा राहतो तो एकटा दगड मारणारा. कॅमेऱ्यालाही तोच दिसतो. पंचवीस जणांमागे दोन स्वयंसेवक ठेवा, तोंड आपल्याच लोकांकडे. त्यांनी त्या माणसाशी झटापट करू नये, कारण चित्रफितीत झटापटच उरते. ‘हा सरकारचा हस्तक’ असंही ओरडू नये. तो तुमचाच चिडलेला वर्गमित्र असू शकतो, आणि संशय एकदा शिरला की संघटना आतून पोखरली जाते.

बसणं सगळीकडे चालत नाही. मागून गर्दी रेटत असेल, घोडे किंवा गाड्या अंगावर येत असतील, तर बसणारे चिरडले जातील. तेव्हा ‘चाला, पळू नका’ असं ओरडत आधी हेरून ठेवलेल्या दोन वाटांपैकी मोकळ्या वाटेने निघा.

प्रश्न : अश्रुधुरावर टूथपेस्ट लावावी का?

उत्तर : नको, मलमही नको. डोळे चोळू नका, साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालूच नका. हा धूर हवेपेक्षा जड असतो, म्हणून इथेही बसायचं नाही. वारा जिकडून येतोय तिकडे, उंचावर जा. नळकांडं परत फेकू नका. हात भाजतोच, शिवाय छायाचित्रात तुम्हीच हल्लेखोर दिसता. दम्याचा त्रास असलेल्यांनी पुढच्या रांगेत येऊ नये.

प्रश्न : अटक झाली तर?

उत्तर : नॅशव्हिलमध्ये २७ फेब्रुवारीला पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या सुमारे ऐंशी विद्यार्थ्यांना पकडलं. रिकाम्या खुर्च्यांवर लगेच पुढची तुकडी बसली. दंड भरण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. मे महिन्यात ती उपाहारगृहं कृष्णवर्णीयांनाही खुली झाली. तुमचीही दुसरी तुकडी ठरलेली असू द्या. वकिलाचा नंबर दंडावर शाईने लिहा; फोन जप्त होऊ शकतो. नावं, घरचे नंबर आणि चालू औषधांची यादी मोर्च्यात न येणाऱ्या एका माणसाकडे ठेवा, आणि रात्री त्यानेच एकेक नाव मोजून कोण परतलं नाही ते वकिलाला कळवावं.